मानसशास्त्र आणि कायदा : संशोधनातलं करिअर कोणत्या क्रमाने उभं करायचं

एमए मानसशास्त्र संपत आलं की बरेच विद्यार्थी एकच गोष्ट विचारतात: "फॉरेन्सिक सायकॉलॉजीत पीएचडी करायची आहे, आधी एलएलबी करू की एखादा डिप्लोमा?" म्हणजे पदवी आधी ठरते, मग गाईडची शोधाशोध होते आणि संशोधनाचा प्रश्न सिनॉप्सिस भरायच्या आदल्या आठवड्यात सुचतो. पुढची चार-पाच वर्षं या उलट्या क्रमाची किंमत चुकवण्यात जातात. विद्यापीठात राहून या विषयात संशोधन आणि अध्यापन करायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे.

## १. तीन पेशे आधी वेगळे करा

एकाच नावाखाली तीन निरनिराळी कामं चालतात. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतला परीक्षक पॉलिग्राफसारख्या चाचण्या घेतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आरोपीचं, कैद्याचं किंवा विधिसंघर्षग्रस्त बालकाचं, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचं, मूल्यमापन करून अहवाल देतो आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. तिसरा संशोधक. समोरचा आरोपी खोटं बोलतो आहे का, हे तो सांगत नाही. खोटं ओळखण्याची पद्धत किती वेळा चुकते, कुणाच्या बाबतीत जास्त चुकते, हे तो मोजतो.

एक उदाहरण घेऊ. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात बीईओएस या चाचणीचा आधार घेतला. एखादा प्रसंग माणसाने स्वतः अनुभवला आहे का, हे मेंदूतल्या विद्युत हालचालींवरून कळतं, असा त्या चाचणीचा दावा. २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि अशा मेंदू-चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असं ठरवलं. अशा प्रकरणात परीक्षक चाचणी घेतो आणि वकील संमतीवर युक्तिवाद करतो. निर्दोष माणूस या चाचणीत दोषी ठरण्याचं प्रमाण किती, हे काढणं संशोधकाचं काम.

तपासा: पुढची पाच वर्षं एकाही गुन्हेगाराला न भेटता साक्षीदार, पोलीस, न्यायाधीश किंवा कॉलेजातले विद्यार्थी यांच्यावर काम करावं लागलं, तर चालेल का? उत्तर "नाही" असेल तर क्लिनिकल वाट बघा. ती वाईट नाही, फक्त तिची पात्रता आणि परीक्षा वेगळ्या आहेत.

## २. प्रश्न बांधा, विषय नव्हे

"गुन्हेगारांची मानसिकता", "बालगुन्हेगारी: एक अभ्यास" हे विषय झाले. विषयावर पुस्तक लिहिता येतं, पीएचडी होत नाही. प्रश्न म्हटला की त्याचं उत्तर "हो", "नाही" किंवा "इतकं" असं येण्याची शक्यता हवी, आणि ते उत्तर चुकीचं ठरण्याचीही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स यांनी १९७८ मध्ये केलेली एक विभागणी इथे फार उपयोगी पडते. साक्षीदाराच्या स्मरणावर परिणाम करणाऱ्या काही गोष्टी यंत्रणेच्या हातात नसतात: उजेड किती होता, अंतर किती होतं, साक्षीदार किती घाबरला होता. काही गोष्टी मात्र यंत्रणेच्या हातातच असतात: प्रश्न कसा विचारला, ओळख परेड (रांगेतल्या माणसांतून गुन्हेगार ओळखणं) कशी घेतली, जबाब किती दिवसांनी नोंदवला. दुसऱ्या प्रकारातला प्रश्न आधी निवडा, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या उत्तराने उद्या पोलीस ठाण्यात काहीतरी बदलू शकतं.

आपल्याकडे असे प्रश्न पावलोपावली आहेत आणि त्यांना फारसा कुणाचा हात लागलेला नाही:

- पंचनाम्यावर सही केलेल्या पंचाला काही वर्षांनी कोर्टात नेमकं काय आठवतं? साक्षीआधी पंचनामा वाचून दाखवला, तर तो प्रसंग आठवून सांगतो की वाचलेलं सांगतो?
- पोलिसांपुढचा जबाब साक्षीदाराच्या शब्दांत उतरत नाही, लिहिणाऱ्याच्या भाषेत उतरतो. उलटतपासणीत निघणाऱ्या विसंगतींपैकी किती त्या लिहिण्यातून आलेल्या असतात?
- बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम १५ नुसार घृणास्पद गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवण्यासाठी त्याचं प्राथमिक मूल्यमापन होतं. एकच कागदपत्रं दोन मानसशास्त्रज्ञांना दिली, तर निष्कर्ष जुळतात का? बालन्याय मंडळावर बालमानसशास्त्राचा किंवा बालमनोचिकित्सेचा जाणकार नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. त्यामुळे हा प्रश्न आज अधिक तातडीचा आहे.

आता एक प्रश्न शेवटपर्यंत सोबत घेऊ: ओळख परेड. महाराष्ट्रात ती सहसा कार्यकारी दंडाधिकारी घेतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलनुसार एका संशयितासोबत किमान सहा इतर माणसं उभी करायची असतात. प्रश्न असा: "गुन्हेगार या रांगेत असेलच असं नाही" हे वाक्य साक्षीदाराला परेडआधी मराठीत स्पष्टपणे सांगितलं, तर निर्दोष माणसाकडे बोट दाखवण्याचं प्रमाण कमी होतं का? पाश्चात्त्य देशांत यावर भरपूर काम झालं आहे. आपली परेड मात्र वेगळी आहे. माणसं समोर प्रत्यक्ष उभी असतात, अधिकारी हजर असतो आणि "साहेबांनी बोलावलंय म्हणजे गुन्हेगार सापडला असणार" ही साक्षीदाराची समजूत पक्की असते. तिकडचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होतील, असं धरून चालता येत नाही.

सावध: प्रश्नात "प्रभाव", "भूमिका", "दृष्टिकोन" हे शब्द आले की थांबा. कशाचा, कशावर आणि मोजणार कसा, हे एका वाक्यात सांगता येईपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## ३. मूळ विषय एकच निवडा

सगळ्यात महाग चूक इथे होते. मानसशास्त्रात एमए, वर एलएलबी, शिवाय सायबर लॉचा डिप्लोमा, एवढं जमवूनही उमेदवार कायदा विभागाच्या मुलाखतीला पात्र ठरत नाही, कारण तिथे एलएलएम आणि कायदा विषयातली नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा लागते. भरतीच्या जाहिराती विषयवार निघतात. "मानसशास्त्र आणि कायदा" असा विभाग आपल्या विद्यापीठांत जवळपास नाहीच. म्हणून नोकरी कोणत्या विभागात मागणार, हे आजच ठरवा.

तुमचा प्रश्न माणसाच्या स्मरणाबद्दल, निर्णयाबद्दल, पूर्वग्रहाबद्दल असेल तर मूळ विषय मानसशास्त्र. कायद्याचा मजकूर, पुराव्याचे निकष, निकालांतला तर्क हा गाभा असेल तर मूळ विषय कायदा, आणि मानसशास्त्र तुम्ही उसनं घेणार. गुन्हेगारीशास्त्राची वाटही आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या अंगाने शिक्षण मिळतं. गांधीनगरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसर गोव्यातही आहे, पण तिथल्या अभ्यासक्रमांचा कल प्रयोगशाळा आणि मूल्यमापन यांकडे अधिक आहे.

मग कायदा शिकायचाच नाही? शिकायचा, पण पदवीसाठी नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ अथपासून इतिपर्यंत वाचा. कलम ३९ तज्ज्ञाच्या मताबद्दल आहे, तर ओळख परेडचा पुरावा कलम ७ खाली येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली कलम ५४, १८० आणि १८३ अनुक्रमे ओळख, पोलिसांपुढचा जबाब आणि दंडाधिकाऱ्यापुढचा जबाब यांबद्दल आहेत. १ जुलै २०२४ पासून हे नवे कायदे लागू आहेत. मात्र जुने निकाल वाचताना जुनी कलमंही लागतील, म्हणून दोन्हींचा तक्ता स्वतःच्या हाताने करा. नंतर जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. सुनावणी सहसा खुली असते. बलात्काराचे आणि पॉक्सोचे खटले इन-कॅमेरा चालतात, तिथे जायचं नाही.

तपासा: ओळख परेडचा पुरावा स्वतंत्र पुरावा नसतो, तो कोर्टातल्या ओळखीला फक्त पुष्टी देतो. ही गोष्ट तुम्हाला आधी माहीत नव्हती? मग अजून महिनाभर वाचन करा. अशा तपशिलात चूक असलेला शोधनिबंध वकील पहिल्याच पानावर मिटतात.

## ४. पद्धत शिका, प्रवेशाच्या आधी

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्र शिकू, असं म्हणणारे तिथे एसपीएसएस या सॉफ्टवेअरची बटणं तेवढी शिकतात. एमएच्या दुसऱ्या वर्षापासूनच सुरुवात करा. जास्प आणि आर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. लॉजिस्टिक रिग्रेशन, परीक्षकांमधलं मतैक्य मोजण्याच्या रीती आणि नमुना-संख्या ठरवण्याचं गणित, एवढं पक्कं हवं.

नमुना-संख्येवर जरा थांबू, कारण बहुतेक प्रबंध इथेच पोकळ निघतात. समजा, "गुन्हेगार या रांगेत असेलच असं नाही" ही सूचना न देता ४५ टक्के साक्षीदार निर्दोष माणसाकडे बोट दाखवतात आणि सूचना दिल्यावर ३० टक्के. हे आकडे फक्त गणितासाठी धरले आहेत. हा फरक खरा असेल तर तो ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात साधारण १६० माणसं लागतात. गुन्हेगार हजर नसलेल्या परेडचे असे दोन गट झाले. गुन्हेगार हजर असलेल्या परेडचे आणखी दोन हवेतच. नाहीतर सूचनेमुळे खऱ्या गुन्हेगाराची ओळखही घटते का, हे कळणार नाही. एकूण ६४०. "शंभर विद्यार्थ्यांचा नमुना घेतला" या वाक्याने हे काम भागत नाही.

सावध: गणित आधी करा, आणि जमत नसेल तर प्रश्न लहान करा. नमुना लहान ठेवून प्रश्न मोठा ठेवू नका.

## ५. नेट, सेट, पेट आणि पैसे

इथे माहिती सहज मिळते, म्हणून जिथे गुंता होतो तेवढंच सांगते. यूजीसीची नेट वर्षातून दोनदा होते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सेटने अध्यापनाची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही. जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप नेटमधूनच मिळते आणि तिला वयोमर्यादा आहे: सर्वसाधारण गटासाठी ३० वर्षं, महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिन्याला ३७,००० रुपये आहे. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरले जातात. फक्त त्या आधारे प्रवेश घ्यायचा तर ते गुण वर्षभरच चालतात, म्हणून निकाल लागण्याआधीच गाईडशी बोलणी झालेली हवीत. काही विद्यापीठं स्वतःची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा, घेतात; ज्या वर्षी अर्ज करणार त्याच वर्षीची सूचना वाचा.

जेआरएफ हुकली म्हणून लगेच खासगी शिकवण्या धरू नका. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आपापल्या समाजघटकांसाठी असतात, आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएसएसआर) डॉक्टरल फेलोशिपही आहे. जाहिरात निघाल्यावर कागद जमवायला वेळ पुरत नाही. जात वैधता, उत्पन्नाचा दाखला आणि प्रवेशनिश्चितीचं पत्र आधीच फाइलला लावून ठेवा.

एलएलबी आणि पीएचडी एकदम करण्याचा बेतही अनेकांच्या मनात असतो. एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची यूजीसीची २०२२ ची सवलत पीएचडीला लागू नाही.

## ६. गाईड

गाईडला पाठवायच्या पत्रात तीन गोष्टी हव्यात: एका वाक्यात प्रश्न, अर्ध्या पानात पद्धत, आणि त्यांचा कोणता शोधनिबंध वाचून तुम्ही त्यांच्याकडे आलात ते. "आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळावी" एवढंच असलेल्या पत्राला बहुधा उत्तर येत नाही.

मानसशास्त्र-कायद्याचा खास गाईड शोधत वर्षं घालवू नका. स्मरण, निर्णयप्रक्रिया किंवा बालविकास यात पक्कं प्रायोगिक काम करणारा गाईड घ्या आणि कायद्याच्या बाजूने सह-मार्गदर्शक मिळवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, तिथे विचारणा करता येते.

तपासा: यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. जागा खरंच रिकामी आहे का, हे संकोच न करता विचारा.

## ७. परवानग्या आणि नीतिसमिती

पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं असतात. त्यातली दीड-दोन वर्षं परवानगीची वाट बघण्यात गेलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. म्हणून माझा आग्रह असा की पहिला अभ्यास सरकारी परवानगीशिवाय होण्यासारखा असू द्या. ओळख परेडचा प्रयोग विद्यार्थी आणि सामान्य नागरिकांवर, चित्रफीत दाखवून करता येतो. कारागृह, निरीक्षणगृह, पोलीस ठाणं हे दुसऱ्या किंवा तिसऱ्या अभ्यासासाठी ठेवा आणि त्यांचे अर्ज मात्र पहिल्याच वर्षी टाका.

क्रम असा ठेवा:

1. संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता. ती हातात नसताना इतर कार्यालयांत जाण्यात अर्थ नाही.
2. कारागृहासाठी कारागृह व सुधारसेवा विभागाच्या पुण्यातल्या मुख्यालयाकडे, निरीक्षणगृहासाठी महिला व बाल विकास आयुक्तालयाकडे, जिल्हा न्यायालयाच्या नस्त्यांसाठी प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज.
3. अर्जासोबत मराठी प्रश्नावली, संमतीपत्र, आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि माहिती कुठे, किती काळ ठेवणार याची टिपणी.

आता ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते. तुमच्या नोंदींना भारतात कायद्याचं संरक्षण नाही. "मी संशोधक आहे, सांगणार नाही" असं म्हणता येईल, हा गैरसमज आहे. न्यायालय कागदपत्रं मागवू शकतं. आपल्या कारागृहांतले सुमारे तीन-चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून चालू आहे. त्यांना गुन्ह्याच्या तपशिलाबद्दल एकही प्रश्न विचारू नका. तुमच्या वहीतली एक ओळ त्यांच्याविरुद्ध जाऊ शकते. मुलाखतीने जामीन मिळेल, शिक्षा कमी होईल, अशी आशा त्यांना वाटते. तसं काही होणार नाही, हे संमतीपत्राच्या पहिल्या ओळीत लिहा आणि तोंडीही सांगा.

मुलांबरोबर काम असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम १९ पाठ हवं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, संशोधकही त्यातून सुटत नाही. बोलण्यातून असं काही निघालं तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, मुलाजवळ कोण थांबणार, हे लेखी ठरल्याशिवाय पहिली मुलाखत घेऊ नका. विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख उघड करायला बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे. गावाचं नाव आणि गुन्ह्याचं वर्ष एकत्र छापलं तरी ओळख उघड होऊ शकते.

सावध: "इंटरनेटवरचे निकाल घेतो, परवानगीच नको" ही पळवाट अपुरी आहे. साक्षीदार काय म्हणाला हे निकालात न्यायाधीशांच्या गाळणीतून आलेलं असतं. निकालांवरून न्यायाधीशांचा तर्क अभ्यासता येतो, साक्षीदाराचं स्मरण नाही.

## ८. माहिती गोळा करणं

आधी पायलट. वीस-तीस जणांवर सगळं करून बघा आणि काय बिघडतं ते लिहा.

ओळख परेडच्या प्रयोगात नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. एकाच नटाची एकच चित्रफीत वापरली, तर निष्कर्ष त्या एका चेहऱ्यापुरताच राहतो. किमान तीन-चार वेगवेगळे "गुन्हेगार" घ्या. रांगेतली इतर माणसं वर्णनाशी जुळणारी हवीत. "दाढीवाला" असं वर्णन असताना दाढी एकालाच असेल तर ती परेडच नव्हे. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावं, कारण नजर आणि हुंकारसुद्धा साक्षीदाराला पुरतात. आणि किती खात्री आहे हे बोट दाखवल्या क्षणी विचारून लिहा. "बरोबर" असं कुणी म्हटल्यावर खात्री वाढते आणि मग तो आकडा कामाचा राहत नाही.

गृहीतक, नमुना-संख्या आणि विश्लेषणाची योजना माहिती गोळा करण्याआधी ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवा. पुढे परीक्षकाने "हे नंतर ठरवलं का?" असं विचारलं की तीच नोंद तुमच्या बाजूने बोलते.

## ९. प्रकाशन

यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली. आता जर्नल पारखण्याची जबाबदारी तुमची. आठवड्यात स्वीकृती देणारं आणि पैसे आधी मागणारं जर्नल सोडा. "लॉ अँड ह्यूमन बिहेवियर", "सायकॉलॉजी, क्राइम अँड लॉ" आणि "लीगल अँड क्रिमिनॉलॉजिकल सायकॉलॉजी" ही या क्षेत्राची प्रमुख जर्नलं आहेत. त्यांचे गेल्या तीन वर्षांचे अंक चाळा, म्हणजे आपला निबंध कुठे बसेल ते कळतं. भारतातली माहिती आहे म्हणून नाकारतील, अशी भीती बाळगू नका. परेडची आपली पद्धत नीट समजावून सांगितली, तर तीच निबंधाची ताकद ठरते.

नंतर त्याच निष्कर्षाचं चार पानी मराठी टिपण करा आणि पोलीस प्रशिक्षण केंद्र, न्यायिक अकादमी, वकील संघ यांना पाठवा. परेड घेणारा नायब तहसीलदार इंग्रजी जर्नल वाचणार नाही. ज्याच्या हातून निर्दोष माणसाची चुकीची ओळख टळू शकते, त्याच्यापर्यंत काम पोहोचलंच पाहिजे.

## १०. नोकरी आणि परदेश

कायम पदाची वाट बघताना महाराष्ट्रात बहुतेकांना तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं. ते घ्या, पण आठवड्यातले दोन दिवस लेखनासाठी राखूनच. मुलाखतीला "मी अमुक पेपर शिकवू शकते" याची यादी मूळ विषयातली न्या: संशोधन पद्धती, बोधात्मक मानसशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र. तुमचं खास क्षेत्र त्यानंतर सांगा. विभागाला आधी रोजचे तास भरायचे असतात.

परदेशात जायचं तर नेदरलँड्समधलं मास्ट्रिक्ट, इंग्लंडमधलं पोर्ट्समथ, स्वीडनमधलं गोथेनबर्ग, न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज आणि अमेरिकेतलंच नेब्रास्का-लिंकन विद्यापीठ इथे या विषयाची जुनी परंपरा आहे. तिथे अर्ज विद्यापीठाच्या नावापेक्षा प्राध्यापकाच्या कामाला धरून करा. अर्जाआधी निदान वर्षभर एखाद्या संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून काम केलेलं असावं, आणि शिफारसपत्र देणाऱ्याने ते काम जवळून पाहिलेलं असावं.